वर्गातील संभाषण, कपाटातील पुस्तके आणि बडोद्याची मुले

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात विद्यार्थ्यांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ते अवांतर वाचत नाहीत, शिक्षकांनी काही विचारले तर तोंड उघडत नाहीत, अशा आशयाची पत्रे वाचनात आली. बहुतेक पत्रलेखकांनी या दुखण्याचे मूळ मोबाईलमध्ये, शिकवणी वर्गांमध्ये किंवा घरातील बदललेल्या राहणीत शोधले आहे, आणि त्यातले काहीच खोटे नाही. परंतु बडोद्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, निवृत्तीनंतरही मी एका प्राथमिक शाळेत मुलांबरोबर पुस्तके वाचायला नियमाने जाते, आणि या अनुभवावरून मला ठामपणे असे वाटते की मूल वर्गात गप्प बसते याचे पहिले कारण वर्गातच आहे. सकाळच्या प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत आपल्या शाळांतील बहुसंख्य मुलांवर स्वतःच्या मनातले एक सबंध वाक्य बोलण्याची वेळच येत नाही. ऐकणे, उतरवून घेणे आणि विचारले तर एका शब्दात उत्तर देणे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते. मग त्यांचे मन दुसरीकडे जाते, आणि त्या दुसरेपणाला आपण मोबाईल असे नाव देऊन मोकळे होतो.

इतिहासाचा एखादा तास कसा चालतो ते पाहावे. शिक्षक विचारतात, 'बडोदे राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण कोणत्या साली सर्वत्र लागू झाले?' एक हात वर होतो, '१९०६' असे उत्तर येते, शिक्षक 'बरोबर' म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतील. पण या देवाणघेवाणीत कोणाच्याही डोक्याला काम पडलेले नाही. हाच पाठ दुसऱ्या प्रश्नाने सुरू करून पाहावा. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये हा प्रयोग प्रथम अमरेली महालात, म्हणजे तालुक्यात, केला, तेव्हा तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला आपली मुलगी शाळेत पाठवावीशी का वाटली नसेल? मी हा प्रश्न वेगवेगळ्या वर्गांना विचारत आले आहे, आणि त्यानंतर वर्गात जे होते ते पाहण्यासारखे असते. शेतावर काम कोण करणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, शाळा किती लांब होती, शिकवायला बाई होत्या की गुरुजी, असे प्रश्न मुले स्वतःच काढतात. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे हे सांगितले की निम्मा वर्ग दंडाच्या बाजूने आणि निम्मा विरुद्ध उभा राहतो. गरिबाने दंड कुठून भरायचा, असे एखादी मुलगी विचारते, आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा, जो महिनोन्महिने बोललेला नसतो, आपल्या आजीला शाळेतून का काढले होते ते सांगू लागतो. तास संपतो तेव्हा १९०६ हे साल कोणालाही पाठ करावे लागलेले नसते, कारण त्या सालामागची माणसे मुलांच्या ओळखीची झालेली असतात.

यासाठी शिक्षकाला फार मोठे प्रशिक्षण लागते असे नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात असे दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न बदलतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हाच अवधी तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला, तर मुलांची उत्तरे लांब आणि सकारण होतात, एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात आणि मुलांनी स्वतःहून विचारलेल्या प्रश्नांची संख्या वाढते, असे त्यांच्या निरीक्षणात आले. तीन सेकंद ही फारच थोडी सवलत आहे, पण फळ्यासमोर उभे राहिल्यावर ती देणे अवघड जाते, कारण शांतता पसरली की आपले शिकवणे फसले असे शिक्षकाला वाटू लागते. ती शांतता मूल विचार करत असल्याची असते, हे अध्यापक विद्यालयात शिकवले पाहिजे आणि पाठ निरीक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांनीही जाणले पाहिजे. उत्तर आल्यावर लगेच 'शाबास' किंवा 'चूक' म्हणण्याऐवजी 'असे तुला का वाटते?' किंवा 'हिच्या म्हणण्यात कोणाला भर घालायची आहे?' एवढे विचारले, तरी संभाषण शिक्षकाच्या टेबलापासून सुटून वर्गात फिरू लागते.

यावर माझ्या व्यवसायबंधूंचे जे आक्षेप आहेत त्यांची मला पूर्ण कल्पना आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, वर्गात पन्नास-साठ मुले असतात, शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे शिक्षकाच्याच गळ्यात पडतात. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय असते ते कोणत्याही वर्गात डोकावले तरी दिसते. ही अडचण खरी आहे आणि ती शासनाने सोडवली पाहिजे, शिक्षकाच्या सद्भावनेवर ती ढकलून चालणार नाही. परंतु साठ मुलांच्या वर्गातही 'दोन मिनिटे शेजारच्याशी बोला, मग मी कोणालाही विचारीन' असे म्हणता येते. त्या दोन मिनिटांत तीस मुले बोलत असतात आणि तीस ऐकत असतात. एकेकाला उभे करून विचारले तर तेवढ्या वेळात फार तर चारांची पाळी येते. ज्यांना अवघ्या वर्गासमोर बोलायची भीती वाटते, त्यांना शेजाऱ्यापुढे आधी बोलून पाहण्याची संधी मिळते, आणि माझा अनुभव असा आहे की असे आधी बोलून पाहिलेले मूल नंतर सर्वांसमोर उभे राहायला सहसा नकार देत नाही.

जो कायदा मी वर उल्लेखिला, त्याच्याच एकोणतिसाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे बांधकाम आणि पटसंख्येच्या चर्चेत कोणाचे लक्ष जात नाही. मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे तिथे अभ्यासक्रमाविषयी स्पष्ट म्हटलेले आहे. २०१० पासून हा कायदा अमलात आहे. म्हणजे वर्गात मुलाने बोलणे ही शिक्षकाने दिलेली सवलत राहिलेली नाही, तो मुलाचा कायदेशीर हक्क आहे. हाताची घडी आणि तोंडावर बोट ही शिस्तीची खूण मानणाऱ्या संस्थाचालकांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

बडोद्यातील मराठी मुलांच्या बाबतीत या गप्प बसण्याला आणखी एक पदर आहे. घरात मराठी, गल्लीत आणि खेळाच्या मैदानावर गुजराती, दूरचित्रवाणीवर हिंदी आणि आता बहुतेक ठिकाणी शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांत आपली मुले वाढतात. एके काळी या शहरात मराठी माध्यमाचे वर्ग भरलेले असत. ते कमी होत गेले, आणि त्याची हळहळ आपण मंडळांच्या कार्यक्रमांतून दरवर्षी व्यक्त करतो. परंतु ज्या शाळेत आज मूल प्रत्यक्ष बसले आहे, तिथे त्याच्या मराठीचे काय होते याकडे आपण पाहिलेले नाही. शिक्षिकेने इंग्रजीत प्रश्न विचारला की मुलाला उत्तर सुचते ते मराठीत किंवा गुजरातीत, आणि ते इंग्रजीत जुळवेपर्यंत पाळी दुसऱ्याकडे गेलेली असते. चारदा असे झाले की मूल हात वर करणे सोडून देते आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वर्गात सहभाग घेत नाही' असा शेरा पडतो. कल्पना समजली नाही आणि ती परक्या भाषेत सांगता आली नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिकवणाऱ्याने त्या वेगळ्या ओळखल्याच पाहिजेत. विचार करताना आणि एकमेकांशी बोलताना मुलांना हवी ती भाषा वापरू द्यावी, मग वर्गाने मिळून त्याचे माध्यमाच्या भाषेत वाक्य करावे आणि ते फळ्यावर लिहावे. यात वेळ वाया जात नाही. अशा वर्गात दोन्ही भाषा सुधारतात, हे मी स्वतः पाहिले आहे. विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन समजावताना एका मुलीने आजीच्या वाळवणातील कुरडयांचे उदाहरण मराठीत दिले, गुजराती मुलांनी त्यात खिचियांची, म्हणजे तांदळाच्या पापडांची, भर घातली, आणि ऊन, वारा व पसरलेला पृष्ठभाग यांचा संबंध पाठ्यपुस्तक उघडण्याआधीच मुलांनी लावला. १९६० मध्ये गुजरात वेगळे राज्य होण्याआधी आणि नंतर कितीही सरकारे आली आणि गेली तरी या शहराचे दुभाषीपण टिकले आहे. त्याचा वर्गात उपयोग करून घेण्याचे तेवढे राहिले आहे.

आता पुस्तकांविषयी. पुस्तकांच्या बाबतीत बडोद्याने हिंदुस्थानात जे पहिल्यांदा केले, ते आपण सत्कार-समारंभात अभिमानाने सांगतो आणि शाळेत मात्र विसरतो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यात ग्रंथालयांची रचना उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालय झाले, तालुक्याच्या गावी आणि खेड्यांत ग्रंथालये निघाली, त्यांच्यासाठी माणसे तयार केली गेली, आणि जिथे ग्रंथालय पोहोचू शकत नव्हते तिथे पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. एका गावाने वाचून झालेली पेटी परत यायची आणि दुसरी जायची. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नने चित्रे दाखवणारी स्वतंत्र शाखा होती. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता. मराठी आणि गुजरातीत सामान्य वाचकांसाठी आणि मुलांसाठी ग्रंथमाला काढून भाषांतरे करवून घेतली गेली, त्यांत विज्ञान, चरित्र, इतिहास असे सर्व विषय होते. या सर्व योजनेमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो, तो असा की शाळेत साक्षर केलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही तर ते मूल थोड्याच वर्षांत पुन्हा निरक्षर होते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९०६ चा आणि ग्रंथालयांची योजना १९१० ची, हा क्रम योगायोगाने आलेला नाही.

मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयातील पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनीचे मजले पाहायला परगावची माणसे येतात. आपल्या शाळांतील किती वर्गांची सहल तिथे जाते, हे मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारावे. ती सहल दूरच्या सहलीसारखी खर्चिक नाही, बसचे भाडे तेवढे लागते, आणि पुस्तके कशी लावलेली असतात, हवे ते पुस्तक कसे शोधायचे हे मूल तिथे डोळ्यांनी पाहते.

शाळेच्या स्वतःच्या कपाटाची गोष्ट मात्र निराळी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व सर्व विषयांची तसेच गोष्टींची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. बहुतेक शाळांत पुस्तके आहेतही. ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात, कारण त्यांची नोंद वहीत झालेली असते आणि एखादे हरवले किंवा फाटले तर भरपाई ज्याच्या नावावर कपाट आहे त्या शिक्षकाच्या पगारातून होण्याची भीती असते. वर्षअखेरीला मोजणी होते, सर्व पुस्तके नवी कोरी निघतात, आणि ही उत्तम व्यवस्था मानली जाते. माझ्या मते जी पुस्तके वर्षानंतरही नवीच राहिली, त्यांची चौकशी व्हायला हवी. मुले वापरतील तर पुस्तके झिजतील, काही फाटतील, थोडी परतही येणार नाहीत. दरवर्षी ठरावीक टक्के पुस्तके वापराने बाद होणार हे हिशेबात धरण्याचे परिपत्रक शिक्षण समितीने काढले, तर शिक्षकांच्या मनावरचे ओझे एका दिवसात उतरेल आणि कुलपेही निघतील. खर्चाच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त सुधारणा मला दुसरी सुचत नाही.

पुस्तक हाती आल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे गोष्ट संपली की मुलाला तात्पर्य विचारण्याची पद्धत आहे, आणि या एका सवयीने वाचनाची जेवढी हानी केली आहे तेवढी मोबाईलनेही केली नसेल. गोष्ट वाचून दाखवताना मध्येच थांबून 'आता पुढे काय होईल?' असे विचारावे. संपल्यावर 'यातले कोण तुम्हाला पटले नाही?' असे विचारावे. आणि कधी कधी काहीच न विचारता पुस्तक मिटून ठेवावे आणि मुले आपसांत काय बोलतात ते ऐकावे. मोठ्याने वाचून दाखवणे हे फक्त बालवर्गासाठी असते, हाही एक गैरसमज आहे. सातवी-आठवीची मुले, जी एरवी अवांतर वाचनाला नाक मुरडतात, ती रोज दहा मिनिटे क्रमशः वाचल्या जाणाऱ्या कादंबरीसाठी वेळेवर वर्गात येऊन बसतात, आणि काही जण पुढचा भाग कळावा म्हणून तेच पुस्तक मागून नेतात. मुलांना कितपत लिहिता-वाचता येते हे तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०१८ मध्ये देशभरातील ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला होता. अशा मुलांना पाचवीचे पाठ्यपुस्तक समोर ठेवून प्रश्नोत्तरे उतरवायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना त्यांच्या पातळीची, चित्रांची, थोड्या ओळींची पुस्तके द्यावी लागतात, आणि ती देताना त्यांचा पाणउतारा होणार नाही हे पाहावे लागते. आज हे कठीण राहिलेले नाही. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून शेकडो गोष्टी विनामूल्य मिळतात, त्या वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि एकच गोष्ट मराठीत आणि गुजरातीत शेजारी शेजारी वाचता येते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही आता संगणकावर खुले आहेत. मुद्रित पुस्तकाची जागा हे घेणार नाही, पण जिथे कपाटच रिकामे आहे तिथे उद्यापासून सुरुवात करता येईल.

गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये बालशिक्षणाचा एक पूल फार पूर्वी बांधला गेला आहे, त्याची आठवण इथे करून देणे मला आवश्यक वाटते. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले आणि भीती, शिक्षा व घोकंपट्टी यांना दाराबाहेर ठेवून गोष्ट, खेळ आणि संभाषण यांतून मुलांना शिकवले. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या. पुढे त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे गेल्या आणि अनुताई वाघ यांच्या साथीने वारली मुलांसाठी त्यांनी शाळा उभ्या केल्या. मुले गुरे चारायला कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. दगड, बिया, पाने, शिंपले ही त्या शाळेची साधने झाली. धडा मुलाच्या जगण्याशी जोडणे म्हणजे काय, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी नव्या धोरणांची इंग्रजी भाषांतरे शोधण्याआधी या दोघा-तिघांचे काम वाचावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषा, संवाद, कृतीतून शिक्षण आणि शालेय ग्रंथालये यांविषयी जे म्हटले आहे, ते या मंडळींनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे.

बडोद्याच्या शिक्षकाला तर अशा धड्यांसाठी दूर जायलाच नको. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. भरवस्तीत नैसर्गिकरीत्या मगरी नांदणारी शहरे जगात फार थोडी असतील. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळा घोडा पुलाजवळ पाण्याची पातळी पस्तीस फुटांवर गेली, कितीतरी घरांत पाणी शिरले आणि मगरी वस्तीत आल्या. या शहरातील प्रत्येक मुलाने ते दिवस पाहिले आहेत. तरीही त्यानंतर भूगोलाच्या तासाला पूर हा विषय आला तेव्हा बहुतेक वर्गांत पुस्तकातील 'पुराची कारणे' आणि 'पुराचे परिणाम' यांची प्रश्नोत्तरेच उतरवली गेली असणार. पावागडाच्या बाजूने येणारी ही नदी शहरात येईपर्यंत तिला काय काय मिळते, आजवा सरोवराचे दरवाजे कधी उघडतात, पात्रात भराव टाकला तर पाणी कुठे जाते, कोणाच्या सोसायटीत पाणी आले आणि कोणाच्या नाही, असे का, या प्रश्नांवर मुलांना नकाशा घेऊन बसवावे. पावसाळ्यात विश्वामित्री आणि आजवा यांच्या पातळीचे आकडे आपल्याच वर्तमानपत्रात रोज येतात. ते महिनाभर कापून चिकटवले की गणिताच्या तासाला आलेख काढता येतो, आणि पाऊस पडल्यानंतर नदी किती वेळाने चढते हे मुले स्वतःच सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याहून शहराला पाणी आले ते पंपाविना, उताराच्या बळावर, हे सांगितले की विज्ञानाचा एक पूर्ण पाठ उभा राहतो. डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे डबे बैल ओढत असत, एवढे वाक्य उच्चारून शिक्षकाने गप्प बसावे. पुढचा तास मुले चालवतात.

काही धडे सुखाचे नसतात आणि तेही टाळता कामा नयेत. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, हे पाठ्यपुस्तकात असते. करारानुसार नोकरीसाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि ते कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, एका झाडाखाली येऊन बसले, हे मात्र मुलांना क्वचितच सांगितले जाते. मुले ज्या बागेत आगगाडीत बसायला जातात, तीच ही बाग. हा विषय वर्गात काढला की मुले अस्वस्थ होतात, घरात ऐकलेली वाक्ये बोलून दाखवतात, कधी कोणी दुखावले जाते. म्हणूनच तो जपून, सर्वांना ऐकून घेत आणि कोणत्याही मुलाला आपल्या जातीचा वकील न बनवता हाताळावा लागतो. परंतु ज्या राजाने अंत्यजांसाठी शाळा काढल्या त्याच्याच राजधानीत हे का घडले, राजाची इच्छा आणि लोकांची रीत यांत किती अंतर असू शकते, हा प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना पेलतो. मोठ्यांना वाटते त्यापेक्षा मुले अधिक गंभीरपणे बोलतात, असे मला दरवेळी दिसले आहे.

जवळचे शिकवावे म्हणजे जवळचेच शिकवावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मुलाला बर्फाचा प्रदेश, ध्रुवावरचे दिवस, सागरतळ आणि तारे यांचाही तितकाच अधिकार आहे, आणि तिथे त्याला नेण्याचे काम पुस्तके करतात. आपल्या अंगणातील गोष्टीवर मोकळेपणाने बोललेले मूल दूरच्या गोष्टींविषयीही प्रश्न विचारू लागते, एवढाच माझा मुद्दा आहे.

पालकांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. वही भरली आहे की नाही यावरून शाळेची परीक्षा करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ज्या दिवशी वर्गात चांगली चर्चा झाली त्या दिवशी वही कोरी असू शकते, आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन तक्रार करणाऱ्या पालकांच्या धास्तीने कितीतरी तरुण शिक्षक पुन्हा फळ्यावरची उत्तरे उतरवून देऊ लागतात. संध्याकाळी मुलाला 'आज काय गृहपाठ दिला?' याबरोबर 'आज तू वर्गात काय विचारलेस?' हेही विचारावे. आणि घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांनी मुलाशी मराठीतच भरपूर बोलावे; परक्या माध्यमात मागे पडेल या भीतीने मोडक्या इंग्रजीत बोलू नये. ज्या मुलाला एका भाषेत कारण सांगता येते त्याला ते दुसऱ्या भाषेत सांगायला शिकवता येते. ज्याला कोणत्याच भाषेत सविस्तर बोलायची सवय नाही त्याला शिकवणे फार जड जाते.

परीक्षा आहे तोवर हे सारे शोभेचे राहील, असे काही जण म्हणतील. त्यात तथ्य आहे, म्हणून मागणी परीक्षेपर्यंत नेली पाहिजे. शालेय मूल्यमापनातील तोंडी परीक्षेचे गुण आज पाठ केलेल्या कवितेला किंवा सवयीने दिले जातात. ते गुण मुलाने स्वतः निवडून वाचलेल्या एका पुस्तकाविषयी शिक्षकाशी केलेल्या पाच मिनिटांच्या बोलण्याला द्यावेत. लेखी परीक्षेत प्रत्येक विषयाला निदान एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही आणि ज्याची वेगवेगळी उत्तरे योग्य कारणासह ग्राह्य धरली जातील. शिक्षकांना अशी उत्तरे तपासण्याचा सराव नाही, हे मला ठाऊक आहे. तो सराव दर शनिवारी शाळा सुटल्यावर एकमेकांच्या उत्तरपत्रिका पाहून करता येतो, त्यासाठी वरून आदेश यायची गरज नाही.

जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल. त्याआधी बडोद्यातील नगर प्राथमिक शिक्षण समितीने आणि खाजगी संस्थांनी वेळापत्रके आखताना वाचनाचा एक तास प्रत्येक इयत्तेला द्यावा, आणि तो तास रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या बदली तासासाठी किंवा उरलेला गणिताचा अभ्यास संपवण्यासाठी वापरला जाणार नाही असे लेखी ठरवावे, ही माझी मागणी आहे. शहरातील मराठी मंडळांनी आणि वाचनालयांनी आपली बालविभागाची पुस्तके पेटीत घालून महिन्या-महिन्याने शाळांना फिरती द्यावीत. ज्या शहराने ही पद्धत एके काळी चालवली तिथे ती पुन्हा सुरू करायला परवानगी कोणाची लागणार? निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल आणि वेळ असलेले आजी-आजोबा वाचून दाखवायला येण्यास तयार आहेत. काहींशी माझे बोलणे झाले आहे.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी पाठवलेली चित्रे आणि चारोळ्या येतात. त्याच पानावर दर आठवड्याला मुलांनी वर्गात विचारलेले चार-पाच प्रश्न, शाळेचे नाव आणि इयत्ता घालून, छापावेत. उत्तरे त्याच अंकात देऊ नयेत. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेतील मुलांकडून ती मागवावीत. पहिल्या काही आठवड्यांचे प्रश्न गोळा करून आपल्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी मी घेते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे